विश्लेषण : गरम झऱ्यांच्या गावात ‘थंड बिछाने’! आल्प्समधील सुट्टीच्या फ्लॅटवरून वाद का?

सकाळी बर्फावर स्कीइंग, संध्याकाळी गरम झऱ्याच्या कुंडात निवांत डुंबणे आणि रात्री भाड्याच्या फ्लॅटमध्ये स्वतःच्या हातची गरमागरम खिचडी. आल्प्समधल्या गावात आठवडाभरासाठी फ्लॅट घेऊन राहण्याचा हा बेत हॉटेलपेक्षा स्वस्त पडतो आणि मुलाबाळांसह, आजी-आजोबांसह जाणाऱ्या कुटुंबांना सोयीचाही वाटतो. मात्र हा फ्लॅट मुळात कोणाचा, तुम्ही निघून गेल्यावर तो किती महिने बंद राहतो आणि त्याच्यासाठी रस्ते-पाणी पुरवणाऱ्या गावाच्या हाती काय पडते, हे प्रश्न स्वित्झर्लंडमध्ये गेली अनेक वर्षे धुमसत आहेत. २०१२ आणि २०२५ अशी दोन राष्ट्रीय सार्वमते या प्रश्नांना भिडली. लॉयकरबाद या स्विस गावाच्या उदाहरणातून हा वाद समजून घेता येतो.

लॉयकरबाद कुठे आहे? ते कशासाठी प्रसिद्ध आहे?

स्वित्झर्लंडच्या नैर्ऋत्येकडील वालिस प्रांतात, ऱ्होन नदीच्या खोऱ्यापासून वर डोंगरात, सुमारे १,४०० मीटर उंचीवर हे जर्मन भाषक गाव वसले आहे. खालच्या लॉयक स्थानकावर रेल्वेतून उतरायचे आणि बसने सुमारे अर्ध्या तासाचा घाट चढायचा. तिन्ही बाजूंना उभे कडे आणि मध्ये गाव. रोजगार जवळपास सगळा पर्यटनावर अवलंबून.

गावाची खरी पुंजी जमिनीखाली आहे. येथील झऱ्यांमधून दिवसाला सुमारे ३९ लाख लिटर गरम पाणी बाहेर येते आणि त्याचे तापमान ५१ अंश सेल्सियसपर्यंत असते. रोमन काळापासून या पाण्याची माहिती होती. सोळाव्या शतकात कार्डिनल मॅथ्यू शिनर यांनी येथील स्नानगृहांना उत्तेजन दिले. एकोणिसाव्या शतकात मार्क ट्वेन गेम्मी खिंड उतरून येथे आले तेव्हा रोगी तासन् तास पाण्यात बसून तरंगत्या फळ्यांवर जेवताना आणि खेळताना त्यांना दिसले. विसाव्या शतकात झऱ्यांच्या जोडीला रोपवे आले. गेम्मी आणि टोरेंट या दोन्ही बाजूंना केबल कार झाली आणि उपचारांसाठी येणाऱ्यांबरोबर स्कीइंग करणारेही येऊ लागले.

मग ‘थंड बिछाने’ म्हणजे काय?

युरोपातील पर्यटन क्षेत्रात हा शब्द रूढ आहे. पर्यटकांसाठी असलेला, पण वर्षातील बहुतेक दिवस कोणी न झोपलेला पलंग म्हणजे ‘थंड बिछाना’. हॉटेलातला किंवा नियमित भाड्याने दिला जाणारा पलंग ‘उबदार’. लोणावळा किंवा अलिबागला सोमवार ते शुक्रवार कुलूपबंद असणाऱ्या बंगल्यांच्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ही कल्पना वेगळी समजावून सांगायला नको.

दुसऱ्या महायुद्धानंतर आल्प्समध्ये फ्लॅट बांधून विकणे हा सोपा धंदा ठरला. हॉटेल चालवायचे तर भांडवल अडकते, नोकरवर्ग लागतो, नफा वर्षानुवर्षे थेंबाथेंबाने येतो. फ्लॅट विकला की पैसा लगेच हाती. जमीनमालक, ठेकेदार, गवंडी, सुतार सगळ्यांनाच काम मिळाले. शहरातल्या मध्यमवर्गाला डोंगरात हक्काचे घर मिळाले. अडचण नंतर दिसू लागली. मालक वर्षातून काही आठवडेच येतो. उरलेल्या काळात खिडक्यांच्या झडपा बंद. पण नाताळ आणि फेब्रुवारीच्या सुट्ट्यांत सगळे एकदम येतात. त्यामुळे पाणी, सांडपाणी, रस्ते, वाहनतळ, रोपवे हे सारे त्या चार-सहा आठवड्यांच्या गर्दीला पुरेल एवढे बांधावे आणि बाराही महिने सांभाळावे लागते.

अमेरिकी लेखक जेम्स बाल्डविन १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला लॉयकरबादमध्ये राहिले, तेही एका मित्राच्या कुटुंबाच्या रिकाम्या घरात. या गावावर त्यांनी लिहिलेला निबंध १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे वंशभेदाविषयीच्या लेखनात गाजला. तेव्हा रिकामे घर ही मोजकी सोय होती. पुढच्या काही दशकांत तोच गावाचा मुख्य उद्योग बनला.

गाव कर्जात कसे बुडाले?

लॉयकरबादची गोष्ट अधिक बोलकी आहे, कारण पर्यटकांच्या गर्दीसाठी बांधत सुटण्याचा शेवट काय होऊ शकतो, हे या गावाने पाहिले. १९८० आणि १९९० च्या दशकांत पालिकेने आणि तिच्याशी संलग्न कंपन्यांनी स्नानगृहे, क्रीडा संकुल, नवी पालिका इमारत, हॉटेलांमधील भागीदारी अशा प्रकल्पांवर कर्जाचा पैसा ओतला. पालिकेला पैसा बुडत नाही, वेळ आली तर प्रांत सरकार धावून येईल, अशी धनकोंची समजूत होती.

१९९८ मध्ये हा फुगा फुटला. पालिका आणि संलग्न कंपन्यांवरील कर्ज सुमारे ३५ कोटी स्विस फ्रँकच्या घरात गेले होते. गावाची लोकसंख्या दीड हजारांच्या आसपास. म्हणजे डोक्यामागे दोन लाख फ्रँकहून अधिक. प्रांत सरकारने पालिकेचा कारभार आपल्या देखरेखीखाली घेतला. धनकोंनी प्रांताकडे भरपाई मागितली, पण २००३ मध्ये स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. पालिकेचे कर्ज ही प्रांताची जबाबदारी नाही, असा या निकालाचा अर्थ होता. धनकोंना मोठ्या रकमेवर पाणी सोडावे लागले. तेव्हापासून स्विस पालिकांना कर्ज देताना बँका अधिक चौकशी करू लागल्या.

या प्रकरणात गैरव्यवहारही होते आणि त्याबद्दल शिक्षाही झाल्या. पण मूळ आर्थिक धडा साधा आहे. गाव वर्षभराच्या रहिवाशांच्या करावर चालते आणि खर्च मात्र सुट्टीतल्या गर्दीच्या मापाने होतो. ही दरी भरून काढण्यासाठी बिछाने उबदार ठेवावे लागतात.

२०१२ च्या सार्वमतात काय ठरले?

पर्यावरणवादी कार्यकर्ते फ्रान्झ वेबर यांनी पुढाकार घेतलेल्या प्रस्तावावर ११ मार्च २०१२ रोजी मतदान झाले. कोणत्याही पालिकेत ‘दुसऱ्या घरां’चे, म्हणजे मालकाच्या कायम वास्तव्याखेरीजच्या घरांचे प्रमाण २० टक्क्यांपेक्षा जास्त नसावे, असा हा प्रस्ताव होता. तो अवघ्या ५०.६ टक्के मतांनी मंजूर झाला. शहरांनी तो उचलून धरला. ज्यांच्या भागात ही घरे होती, त्या डोंगरी प्रांतांनी कडाडून विरोध केला. वालिसमध्ये तर सुमारे तीन-चतुर्थांश मतदारांनी नकार दिला होता.

अंमलबजावणीचा कायदा १ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. देशातील ३०० हून अधिक पालिका आधीच २० टक्क्यांच्या वर होत्या. लॉयकरबाद त्यापैकीच एक. अशा गावांत नवे ‘दुसरे घर’ बांधण्यास मनाई झाली. अपवाद पर्यटकांना नियमितपणे भाड्याने दिल्या जाणाऱ्या घरांचा. पण त्यालाही अटी आहेत. मालक त्याच इमारतीत कायम राहत असला पाहिजे किंवा फ्लॅट हॉटेलसारख्या संघटित व्यवसायाचा भाग असला पाहिजे. शिवाय तो परिसरातील प्रचलित दराने सतत उपलब्ध हवा. ‘एखाद्या संकेतस्थळावर जाहिरात टाकली की झाले’ अशी सवलत देण्याचा विचार संसदेत झाला होता, पण ती कायद्यात आली नाही.

कायद्याने काय साधले, काय बिघडले?

डोंगरउतारावर नव्या फ्लॅटची रांग लागणे थांबले, हे यश निर्विवाद. मात्र मतदानाच्या दिवसापूर्वी बांधलेल्या किंवा परवानगी मिळालेल्या घरांना कायद्याने मोकळीक दिली. अशा घरात कायम राहा, सुट्टीपुरते या किंवा कुलूप लावून ठेवा, बंधन नाही. नवी घरे बंद झाल्याने या जुन्या घरांना भाव चढला.

याचा फटका बसला तो गावातल्यांना. आजी-आजोबांचे गावातले जुने घर स्थानिक तरुण जोडप्याला विकण्यापेक्षा झुरिकच्या खरेदीदाराला विकणे वारसांना फायद्याचे ठरते. कायद्याने शेत वाचवले, पण गावठाणातले घर बाहेरच्यांच्या हाती जाणे थांबवले नाही. ही टीका झाल्यावर कायद्यात दुरुस्ती झाली. १ ऑक्टोबर २०२४ पासून जुने घर पाडून बांधताना ३० टक्क्यांपर्यंत क्षेत्र वाढवणे आणि जादा फ्लॅट काढणे एकाच वेळी शक्य झाले. समर्थकांच्या मते यामुळे जुन्या इमारतींची दुरुस्ती होईल आणि ऊर्जेची बचतही. विरोधकांच्या मते वाढीव जागाही सुट्टीच्या ग्राहकांकडेच जाईल.

घर भाड्याने देणे हा उपाय की दुखणे?

दोन्ही. फरक पडतो तो आधी त्या घरात कोण राहत होते यावर. मालक वर्षाला तीन आठवडे येतो आणि उरलेला काळ फ्लॅट बंद असतो, असा फ्लॅट पर्यटकाला मिळाला तर गावाचा फायदाच. बेकरीवाल्याचा पाव खपतो, स्नानगृहात तिकीट फाटते, बसला प्रवासी मिळतो. नवी वीटही रचावी लागत नाही.

पण ज्या घरात शिक्षिका, परिचारिका किंवा रोपवेवरचा तंत्रज्ञ भाड्याने राहत होता, ते घर जास्त उत्पन्नासाठी पर्यटकांना दिले गेले तर गावातले एक कुटुंब खोऱ्यात उतरते. मग हॉटेलला आचारी मिळत नाही आणि शाळेचा वर्ग बंद पडण्याची वेळ येते. आल्प्समधील अनेक गावांत हंगामी कामगारांना राहायला जागा न मिळणे हीच आज मोठी तक्रार आहे.

म्हणूनच ठिकठिकाणी वेगवेगळे लगाम घातले जात आहेत. ल्युसर्न शहराच्या मतदारांनी मार्च २०२३ मध्ये अल्पकालीन भाड्यासाठी वर्षाला ९० रात्रींची मर्यादा मंजूर केली. फ्रान्सने नोव्हेंबर २०२४ च्या कायद्याने पर्यटकांना द्यायच्या घरांची संख्या ठरवण्याचे अधिकार पालिकांना दिले आणि अशा भाड्यावरील करसवलत कमी केली. ऑस्ट्रियातील टिरोल प्रांतात सुट्टीच्या घरांसाठी ८ टक्क्यांची मर्यादा आहे.

२०२५ च्या सार्वमताचा याच्याशी काय संबंध?

स्वित्झर्लंडमध्ये घरमालकाला स्वतः वापरत असलेल्या घरावरही कर भरावा लागतो. ते घर भाड्याने दिले असते तर किती भाडे आले असते, याचा अंदाज करून ती रक्कम त्याचे उत्पन्न मानली जाते. सुट्टीच्या घरालाही हे लागू आहे. २८ सप्टेंबर २०२५ रोजी ५७.७ टक्के मतदारांनी ही पद्धत रद्द करण्याच्या बाजूने कौल दिला. त्याच वेळी प्रांतांना दुसऱ्या घरांवर वेगळा मालमत्ता कर लावण्याची मुभा मिळाली.

डोंगरी प्रांतांच्या सरकारांनी या बदलाला विरोध केला होता, कारण त्यांच्याकडे दुसरी घरे जास्त आणि म्हणून उत्पन्नातील घटही जास्त. यात बिछान्यांचा मुद्दाही दडलेला आहे. घर स्वतःसाठी राखून बंद ठेवणाऱ्या मालकावरील कराचा भार हलका होतो, भाड्याने देणाऱ्याला मात्र मिळालेल्या भाड्यावर कर भरावाच लागतो. प्रांतांनी नवा कर लावला नाही तर ‘थंड बिछाने’ ठेवणे आणखी परवडणारे होईल.

पालिकांच्या हाती दुसरे एक हत्यार आहे. पर्यटकाकडून रात्रीमागे घेतला जाणारा कर वालिसमधील अनेक गावांत दुसऱ्या घराच्या मालकाकडून वार्षिक ठोक रकमेत वसूल केला जातो. मालक येवो अथवा न येवो, रक्कम ठरलेली. भाडेकरू आणला तर ती वसूल होते, नाही तर खिशातून जाते. याविरोधात मालक न्यायालयांतही गेले. करतो आम्ही खर्च, पण पालिकेत मत मात्र नाही, ही त्यांची तक्रार पूर्णपणे अनाठायी म्हणता येणार नाही.

बर्फ कमी होत असताना या गावांचे काय?

स्विस आल्प्समधील हवामान केंद्रांच्या नोंदींवर आधारलेल्या २०१६ च्या अभ्यासानुसार, १९७० च्या तुलनेत बर्फाचा हंगाम सरासरी १२ दिवस उशिरा सुरू होतो आणि २६ दिवस आधी संपतो. म्हणजे एक महिन्याहून अधिक घट. केवळ स्कीइंगवर जगणाऱ्या गावांसाठी हा आकडा जीवघेणा आहे.

गरम झऱ्यांच्या गावांना येथे थोडा आधार आहे. पाऊस असो वा धुके, कुंडातले पाणी गरमच असते. त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा एप्रिलसारख्या पडत्या महिन्यांतही पाहुणे येऊ शकतात. मात्र त्यासाठी या महिन्यांत फ्लॅट उघडे असावे लागतात. झरे बारमाही आणि घरे चार महिन्यांची, अशी स्थिती राहिली तर निसर्गाने दिलेला हा फायदाही वाया जातो.

भाड्याने घेणाऱ्याने काय पाहावे?

पहिली गोष्ट, जाहिरातीतील रात्रीचा दर हा अंतिम दर नसतो. त्यात शेवटच्या दिवशीची सफाई, चादरी-टॉवेल, माणशी पर्यटक कर आणि परत मिळणारी अनामत अशा रकमांची भर पडते. समजा, चार प्रौढांसाठी फ्लॅटचा दर रात्रीला १५० फ्रँक आहे. सफाई १५०, चादरी १०० आणि पर्यटक कर माणशी रात्रीला ६ फ्रँक धरला, तर तीन रात्रींचे बिल ७७२ फ्रँक होते, म्हणजे रात्रीला सुमारे २५७. सात रात्री राहिल्यास बिल १,४६८ फ्रँक, म्हणजे रात्रीला सुमारे २१०. सफाईचा खर्च एकदाच येतो, म्हणून फ्लॅट जास्त दिवसांसाठीच परवडतो. दोन रात्रींसाठी अनेकदा हॉटेल बरे.

दुसरी गोष्ट, गर्दीच्या हंगामात बरेच मालक शनिवार ते शनिवार असेच आरक्षण घेतात. विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी हे तपासलेले चांगले. पर्यटक कर भरल्यावर अनेक गावांत पाहुण्यांचे कार्ड मिळते. त्यावर स्थानिक बस, स्नानगृह किंवा रोपवेला सवलत असू शकते. ते मागून घ्यावे.

तिसरी गोष्ट, व्हिसा. शेंगेन व्हिसासाठी निवासाचा पुरावा लागतो आणि फ्लॅटचे आरक्षणही चालते, मात्र त्यावर सर्व प्रवाशांची नावे, तारखा आणि पूर्ण पत्ता असावा. व्हिसा हाती येईपर्यंत रद्द करता येईल असेच आरक्षण निवडावे. जून २०२४ पासून प्रौढांसाठी व्हिसा शुल्क ९० युरो आहे आणि किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा बंधनकारक आहे. स्कीइंग करणार असाल तर विम्यात त्या अपघातांचा समावेश आहे का, हे वाचावे.

चौथी गोष्ट, शेजार. या इमारतींत कायम राहणारी कुटुंबेही असतात. रात्री दहानंतर शांतता अपेक्षित असते. स्वित्झर्लंडच्या बहुतांश भागांत कचरा शुल्क भरलेल्या ठरावीक पिशवीतूनच टाकावा लागतो. नोंदणीसाठी पासपोर्टचा तपशील मागणे हा तेथील नियम आहे. पण अनोळखी खात्यात आधीच सगळे पैसे भरायला सांगणाऱ्यापासून दूर राहावे. गावाच्या पर्यटन कार्यालयाच्या यादीत तो फ्लॅट आहे का, हे पाहणे हा सोपा उपाय.

पुढे काय?

सुट्टीच्या फ्लॅटवर सरसकट बंदी घालून डोंगरातील गावे जगणार नाहीत आणि सरसकट मोकळीक देऊनही नाहीत. लॉयकरबादसारख्या गावांत घरे पुरेशी बांधून झाली आहेत. प्रश्न आहे तो त्यांच्या वापराचा. बंद घर उघडेल, पण राहते घर रिकामे होणार नाही, असा नियम करणे हे तेथील पालिकांपुढचे खरे काम आहे. २०१२ च्या कायद्याने बांधकाम रोखले, वापराचा प्रश्न सोडवला नाही. दुसऱ्या घरांवरील नव्या कराबाबत डोंगरी प्रांत काय ठरवतात, यावर त्याचे उत्तर बरेचसे अवलंबून राहील.

पर्यटकाच्या हातीही थोडे आहे. मालकाच्या एरवी बंद राहणाऱ्या घरात, पडत्या महिन्यात, दोनऐवजी सात रात्री राहणारा पाहुणा स्वतःचे पैसे वाचवतो आणि गावालाही हवा असतो.